अपघातात घरचा माणूस गेला, क्लेमसाठी वकील कसा बघायचा

मावसभावाचं पोस्टमॉर्टेम व्हायचं होतं, आम्ही सगळे शवागाराच्या बाहेर बाकावर बसलेलो, तेवढ्यात एक माणूस पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आला. आम्हाला वाटलं वहिनीच्या माहेरचं कोणी असेल. त्याने वहिनीच्या हातात बाटली दिली, पाच मिनिटं काही न बोलता शेजारी बसला आणि मग पिशवीतून चार कागद काढले, त्यावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या, "ताई फक्त फुली आहे तिथं सही करा, क्लेमचं सगळं आम्ही बघतो, तुम्हाला एक रुपया खर्च नाही." वहिनीने पेन हातात घेतलासुद्धा. मामाने कागद ओढून बघितले तर एक वकीलपत्र होतं ज्यात वकिलाच्या नावाची जागा रिकामी, आणि बाकीचे तीन पूर्ण कोरे.

त्या दिवशी सही झाली नाही म्हणून पुढचं सगळं नीट झालं असं मी मानतो. मी वकील नाही, पण त्या केसच्या जवळजवळ प्रत्येक तारखेला वहिनीबरोबर कोर्टात गेलोय आणि तिथे बाकड्यावर बसलेल्या कितीतरी घरांशी बोललोय, त्यातून जे कळलं ते नवीन माणसाला उपयोगी पडेल म्हणून क्रमाने लिहितो. हे रस्त्यावरच्या वाहन अपघातात झालेल्या मृत्यूबद्दल आहे, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, ज्याला सगळे एमएसीटी किंवा नुसतं ट्रिब्युनल म्हणतात, तिथला क्लेम. रेल्वे, दवाखाना, कंपनीतला अपघात यांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

पहिले पंधरा दिवस, वकील नेमायच्या आधी

सही करायची नाही. हॉस्पिटलमध्ये नाही, पोलीस स्टेशनच्या बाहेर नाही, घरी तेराव्याला भेटायला आलेल्या "ओळखीच्या" माणसाच्या कागदावरही नाही. बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमाप्रमाणे वकिलाला असं माणूस पाठवून काम मिळवायला बंदी आहे, त्यामुळे जो वकील दलाल पाठवतो तो पहिल्याच पायरीवर नियम मोडून तुमच्या दारात आलेला असतो हे लक्षात ठेवा. तो पुढे तुमच्या पैशाच्या बाबतीत नियम पाळेल असं धरून चालू नका.

या दिवसात करायचं काम म्हणजे कागद गोळा करणं. पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, इन्क्वेस्ट म्हणजे मृतदेहाचा पंचनामा, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, आणि समोरच्या गाडीचं आरसी, ड्रायव्हरचं लायसन, गाडीची पॉलिसी यांच्या प्रती. १ एप्रिल २०२२ पासून जे केंद्राचे नियम लागू आहेत त्यात तपास करणाऱ्या पोलिसाने अपघात कळल्यापासून ४८ तासात पहिला अपघात रिपोर्ट ट्रिब्युनलला आणि इन्शुरन्स कंपनीला पाठवायचा असतो आणि सविस्तर रिपोर्ट ९० दिवसात द्यायचा असतो, म्हणून पोलीस स्टेशनला गेल्यावर "साहेब रिपोर्ट ट्रिब्युनलला गेला का, त्याची प्रत द्या" असं थेट विचारा, आणि शक्यतो लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी मागितलं की उद्या या म्हणतात, पोच घेतली की कागद लवकर निघतो, हा आमचा अनुभव.

घरातले कागद वेगळे. मृत्यू दाखला, वारसांचे आधार आणि रेशनकार्ड, बँक पासबुक, आणि वयासाठी शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर मुद्दाम जोर देतोय कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच एका अपघाताच्या केसमध्ये सांगितलंय की आधार कार्डावरची जन्मतारीख वयाचा पुरावा म्हणून धरता येणार नाही, शाळेचा दाखला जास्त भरवशाचा. आणि वयावर किती पैसे अवलंबून असतात ते खाली हिशोबात दिसेल.

घाई कुठे आहे आणि कुठे नाही

घाई एकाच गोष्टीची, मुदतीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये २०१९ ला जी दुरुस्ती झाली ती एप्रिल २०२२ पासून लागू झाली, त्यात दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करायचा असं आहे. अपघाताच्या तारखेपासून, मृत्यूच्या नाही. माणूस दोन महिने आयसीयूत होता आणि मग गेला तर तुमच्याकडे चारच महिने उरलेत असं धरा. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, आणि पोलिसांचा रिपोर्टही दावा म्हणून धरता येतो अशी तरतूद कायद्यात आहे, हे दोन्ही खरं, पण कोणी "काही होत नाही, मुदत-बिदत कोणी बघत नाही" म्हणून निवांत बसायला सांगत असेल तर ऐकू नका. व्याजसुद्धा दावा दाखल केल्याच्या आधीच्या दिवसांचं मिळत नाही, त्यामुळे उशिराचा तोटा तसाही तुमचाच.

पण सहा महिने म्हणजे सहा तास नाहीत. दोन-तीन आठवडे घेऊन तीन वकिलांना भेटायला वेळ पुरतो.

याच काळात इन्शुरन्स कंपनीचा किंवा गाडीमालकाचा फोन येऊ शकतो. आम्हाला आला. "पाच लाख लगेच मिळतील, चूक कोणाची हे सिद्धसुद्धा करावं लागणार नाही." खोटं नव्हतं ते, कलम १६४ मध्ये मृत्यूसाठी पाच लाख खरंच आहेत आणि चूक सिद्ध करावी लागत नाही. जे सांगितलं नाही ते असं की कलम १६४ चे पैसे स्वीकारले की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो, कायद्यातच तसं लिहिलंय. ज्या केसमध्ये चूक सिद्ध करणं खरोखरच अवघड आहे तिथे हे पाच लाख आधार असतात, मी नाही म्हणत नाही, पण तो निर्णय वकिलासमोर बसून हिशोब मांडून घ्यायचा, फोनवर नाही.

हिशोब आधी समजून घ्या, मग वकील निवडा

हे उलटं वाटेल, पण वकिलाकडे जायच्या आधी हा हिशोब ढोबळ का होईना येत असला पाहिजे, नाहीतर समोरचा माणूस चांगला का वाईट हे कळायला तुमच्याकडे काही मोजमापच नसतं. हिशोब सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांवर चालतो, २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी, कोर्टात ही दोन नावं इतक्या वेळा ऐकाल की पाठ होतील.

मावसभाऊ वायरमन होता, वय ३८, मागे वहिनी, दोन मुलं आणि मावशी. कोर्टाने शेवटी त्याचं महिन्याचं उत्पन्न १८ हजार धरलं. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले, झाले २५,२००. अवलंबून असलेली माणसं चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च चौथा हिस्सा वजा, राहिले १८,९००. वर्षाचे २,२६,८००. आणि ३६ ते ४० वयाला गुणक १५ आहे, त्याने गुणलं की ३४,०२,०००. याच्यावर अंत्यविधी, इस्टेटीचं नुकसान आणि सहवास गमावल्याची रक्कम वेगळी, ही सहवासाची रक्कम प्रणय सेठीत ४० हजार ठरली आणि दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढते, आणि ती फक्त बायकोला नाही, मुलांना आणि आईवडलांनाही मिळू शकते, २०१८ च्या निकालानंतर. बऱ्याच जणांच्या अर्जात मुलांचं आणि आईचं हे लिहिलेलंच नसतं.

आता बघा, उत्पन्नाचा काहीच पुरावा नाही म्हणून कोर्टाने अंदाजाने महिना १० हजार धरले असते तर बाकी सगळं तेच ठेवून रक्कम १८,९०,००० आली असती. म्हणजे पंधरा लाख बारा हजारांचा फरक, आणि तो फरक कशामुळे पडला, तर एका निळ्या रेघी वहीमुळे. भाऊ रोज संध्याकाळी त्या वहीत लिहायचा, अमक्याकडे पॉइंट किती काढले, वायर किती मीटर गेली, मजुरी किती घेतली, किती बाकी. आम्ही ती रद्दीत टाकणार होतो. आम्ही ज्या तिसऱ्या वकिलाकडे गेलो त्यांनी बसल्या बसल्या पहिला प्रश्न विचारला की कामाची वही, डायरी, पावतीपुस्तक काही आहे का, आणि आणलेली वही उलटून त्यातली पाच-सहा नावं पेन्सिलीने गोल केली, म्हणाले यांच्यापैकी दोघंतिघं कोर्टात येऊन सांगतील का बघा. दोन ठेकेदार आले. बँकेच्या खात्यातल्या नोंदी वहीतल्या तारखांशी जुळल्या. इन्शुरन्स कंपनीच्या वकिलाने उलटतपासात वही नंतर लिहिली असं म्हणून बघितलं, पण पानं वापरून मळलेली, मधे मुलाने चित्रं काढलेली, ते काही टिकलं नाही.

म्हणून मी म्हणतो, क्लेमचा वकील चांगला म्हणजे इंग्रजी चांगलं बोलणारा नाही की मोठ्या आवाजात आर्ग्युमेंट करणारा नाही, तर जो तुमच्या माणसाच्या कमाईबद्दल खोदून खोदून विचारतो तो. नोकरदार असेल तर पगाराची स्लिप, फॉर्म १६, रिटर्न. शेतकरी असेल तर सातबारा, डेअरीचं दुधाचं बिल, बाजार समितीच्या पट्ट्या. घरातली बाई गेली असेल तरी तिच्या कामाची किंमत कोर्ट धरतं, "ती काही कमवत नव्हती" म्हणून दावा लहान करणारा वकील नको.

वकील शोधायचा कुठे

ज्या जिल्ह्यात अपघात झाला तिथेच केस करावी लागते असं नाही. तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता त्या भागाच्या ट्रिब्युनलमध्येही करता येते, तो हक्क अर्जदाराचा आहे. त्यामुळे वकील तुमच्या जवळच्या जिल्हा कोर्टातला बघा, तारखेला जाणं-येणं झेपलं पाहिजे, हे प्रकरण काही महिन्यांत उरकत नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एक दिवस मोकळा काढून ट्रिब्युनलच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसणं. कोर्ट सगळ्यांना खुलं असतं, कोणी हटकत नाही, मोबाईल सायलेंट ठेवा एवढंच. दोन-तीन तासात दिसतं की कोणाचे साक्षीदार तयार असतात, कोण नुसती तारीख मागून जातं आणि कोणाच्या ऐवजी रोज ज्युनिअरच उभा राहतो. तिथल्याच बाकड्यावरच्या अर्जदारांना हळूच विचारा, तुमचे वकील फोन उचलतात का. लोक खरं सांगतात. दुसरं, ई-कोर्ट्सच्या साईटवर वकिलाच्या नावाने केस शोधता येतात, क्लेमच्या किती चालू आहेत, किती निकाली निघाल्या याचा अंदाज येतो. जमिनीच्या आणि घटस्फोटाच्या केस करणारा वकील वाईट असतो असं नाही, पण या कामात हात बसलेला माणूस वेगळाच असतो.

आणि पैसे नसतील तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना मोफत वकील मिळतो आणि त्यांचं उत्पन्न बघितलं जात नाही. म्हणजे नवरा गेलेली बाई आणि तिची मुलं अर्जदार असतील तर त्या हक्काने मागू शकतात. फुकटचा म्हणजे हलका असं मनात आणू नका, मात्र नेमून दिलेल्या वकिलालाही खालचेच सगळे प्रश्न विचारा.

पहिल्या भेटीत काय विचारायचं

कागदांची फाईल घेऊन जा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल नाही. आणि घरातला जो मुख्य अर्जदार आहे त्याला बरोबर न्या, आमच्याकडे पहिल्या वकिलाने सगळं मामाशीच बोलून घेतलं, वहिनीकडे बघितलं सुद्धा नाही, आम्ही उठून आलो.

विचारा की क्लेमच्या किती केस तुम्ही पुराव्यापर्यंत स्वतः चालवल्यात, नुसत्या लोकअदालतीत मिटवलेल्या नाही. विचारा की कोर्टात तुम्ही उभे राहणार की दुसरं कोणी, आणि ते दुसरं कोण. विचारा की तुम्ही कुठल्या इन्शुरन्स कंपनीच्या पॅनलवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या वकिलांत, आहात का, समोर तीच कंपनी असेल तर अडचण आहे आणि चांगला वकील स्वतःहून सांगतो. आमच्या केसमधली अडचण काय, असंही विचारा. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण प्रत्येक केसमध्ये काहीतरी अडचण असतेच, ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं, पॉलिसी संपलेली, आपल्याच माणसाची थोडी चूक, हेल्मेट नव्हतं, एफआयआर उशिरा झालेला, आणि जो वकील कागद न वाचता "एकदम क्लिअर केस आहे, पन्नास लाख घेऊनच देतो" म्हणतो त्याने कागद वाचलेले नाहीत एवढंच त्यातून कळतं. रक्कम कोणीच आधी सांगू शकत नाही. हिशोब कसा मांडला ते मात्र सांगता आलं पाहिजे, वर दिला तसा, कागदावर, तुमच्यासमोर.

ड्रायव्हरवरची फौजदारी केस संपेपर्यंत थांबू असं कोणी म्हणालं तर कारण विचारा. ती केस वेगळी आणि क्लेम वेगळा. क्लेममध्ये फौजदारी केसइतका कडक पुरावा लागत नाही, जास्त शक्यता कशाची आहे एवढं दाखवावं लागतं, ड्रायव्हर तिकडे सुटला म्हणून क्लेम आपोआप पडत नाही.

एका गोष्टीला मात्र लगेच उठून निघायचं. समोरची गाडी पळून गेली असेल किंवा तिचा इन्शुरन्स नसेल, आणि वकील किंवा त्याचा माणूस म्हणाला की "गाडी लावून देतो", म्हणजे दुसरीच कुठली तरी इन्शुरन्स असलेली गाडी आणि तयार ड्रायव्हर केसमध्ये घुसवायचा. असे प्रकार होतात, आणि कंपन्या त्याची चौकशी लावतात. दावा तर जातोच, वर सही केलेल्या विधवेवर गुन्हा दाखल होऊ शकतो, दलाल मोकळा. गाडी सापडलीच नाही तर त्यासाठी सरकारची हिट अँड रन योजना आहे, मृत्यूसाठी दोन लाख, अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा आणि त्याला वकील लागतच नाही.

फी

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. "आता काही देऊ नका, निकाल लागला की एवढे टक्के द्या" हे ऐकायला बरं वाटतं, हातात पैसा नसलेल्या घराला तर फारच. पण भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. म्हणजे टक्केवारीचा करार मुळातच नियमाबाहेरचा. आणि टक्केवारीवाल्याला खात्री हवी असते ना, म्हणून तो मग बँक खातं स्वतःच उघडून देतो, पासबुक-चेकबुक स्वतःकडे ठेवतो, सह्या केलेले कोरे चेक किंवा विड्रॉल स्लिप घेतो. हे कधीच, कितीही भला माणूस वाटला तरी, द्यायचं नाही.

त्याऐवजी ठरलेली फी टप्प्याटप्प्याने मागा. दावा दाखल करताना इतके, पुरावा सुरू झाल्यावर इतके, निकालाच्या वेळी इतके. एका साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या, प्रत्येक वेळी पावती किंवा ऑनलाईन पेमेंट. आणि फीमध्ये काय काय धरलंय ते विचारा, कोर्ट फी, टायपिंग, नकला, साक्षीदाराचा भत्ता, अपील झालं तर त्याचं काय. पैसे अडचणीचे असतील तर स्पष्ट बोला, आमच्या वकिलांनी पहिला हप्ता लहान केला आणि दुसरा पुराव्यापर्यंत थांबवला, मागायला लाज वाटायचं काही कारण नाही.

वकीलपत्रावर सही करताना

वकिलाचं नाव, सनद नंबर, पत्ता, केस कोणाविरुद्ध हे सगळं भरलेलं असल्याशिवाय सही नको. कोऱ्या कागदावर कधीच नको. दाव्याचा अर्ज टाईप झाला की दाखल व्हायच्या आधी घरी आणून वाचा, मराठीत समजावून सांगायला लावा. आमच्या पहिल्या मसुद्यात मावशीचं नावच अर्जदारात नव्हतं, आणि भावाचं वय ४१ लिहिलेलं. ४१ झालं असतं तर गुणक १५ चा १४ आणि वाढ ४० टक्क्यांची २५ टक्के. टायपिस्टची चूक, पण वाचलं म्हणून सापडली. मागितली त्यापेक्षा जास्त रक्कमसुद्धा ट्रिब्युनल देऊ शकतं असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, तरी अर्जात आकडा मोघम टाकू देऊ नका.

दाखल झाल्यावर सीएनआर नंबर मागून घ्या, १६ अक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते घरी बसून दिसतं. वकिलाला सारखा फोन करायची वेळ येत नाही, आणि "तारीख पडली" हे खरं की नाही तेही कळतं.

पटेनासं झालं तर

वकील बदलता येतो. जुन्या वकिलाची ना-हरकत घ्यायची पद्धत आहे, नाहीच दिली तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी मिळते. आणि फी बाकी आहे म्हणून तुमची फाईल अडवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही, २००० मध्येच सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. फारच गैरप्रकार असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा इथे तक्रार करता येते. पण फक्त तारखा पडतात म्हणून वकील बदलू नका, ट्रिब्युनलवर कामच खूप असतं, त्यात त्याचा दोष नसतो. साक्षीदार आणूनही तो स्वतः दोन-तीनदा आलाच नाही, तर मात्र विचार करा.

लोकअदालतीत तडजोड आली तर वाईटच असं नाही, पैसे लवकर मिळतात आणि मुलांच्या फीची वेळ सांभाळली जाते. फक्त तिथल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे आदल्या दिवशी वकिलाबरोबर बसून आपला आकडा काढा, किती कमी केलं तर चालेल ते घरात ठरवा, आणि त्या खाली आलं तर नाही म्हणा, नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे.

रस्त्यावरचा अपघात नसेल तर

रेल्वे अपघाताचा दावा रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये जातो, मृत्यूला आठ लाख ठरलेत आणि मुदत एक वर्ष. दवाखान्यातल्या हलगर्जीपणासाठी ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षं, आणि तिथे दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळवून देऊ शकणारा वकील लागतो. कामावर असताना मृत्यू झाला तर कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा, तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा होता, आता त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आहे. कामावरच्या गाडीत ड्रायव्हर गेला असेल तर तो कायदा आणि एमएसीटी यातलं एकच निवडावं लागतं, हे वकिलाला आधी विचारा. आणि अपघात आपल्याच माणसाच्या चुकीने, त्याच्याच गाडीवर झाला असेल तर कलम १६६ चा उपयोग होत नाही, पण पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाखांचा असू शकतो, ती पॉलिसी शोधा, बऱ्याच घरात कोणी बघतच नाही.

निकाल लागल्यावर

निकालाची सही-शिक्क्याची नक्कल लगेच मागा, कारण हायकोर्टात अपिलाची मुदत ९० दिवस आहे, रक्कम कमी वाटली तर तुम्हीही अपील करू शकता, फक्त कंपनीनेच करायचं असतं असं नाही. पैसे अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात थेट आले पाहिजेत, २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर भर दिलाय, खात्याचे तपशील वहिनीने स्वतः पासबुक बघून दिले, मी शेजारी बसून आकडा आकडा वाचला.

मुलांचा हिस्सा कोर्ट बँकेत एफडी करून ठेवतं, १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. मधे शिक्षणाला किंवा आजारपणाला लागले तर ट्रिब्युनलकडे अर्ज करून काढता येतात, कॉलेजच्या फीची पावती, डॉक्टरचं एस्टिमेट असं जोडायचं. वहिनीने थोरल्याच्या डिप्लोमासाठी असा अर्ज केला, त्याच वकिलांनी दोन पानं टाईप करून दिली, आणि एफडीच्या पावत्या, निकालाची नक्कल आणि ती निळी वही आता एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कपाटात आहे, धाकटीचे १८ व्हायला अजून चार वर्षं आहेत.